दोन घास आणि अख्ख्या घराण्याचा दमा

सिल्व्हर स्प्रिंग,
बुधवार (उपासाचा, म्हणजे आई सकाळपासून चिडलेली)

तीर्थस्वरूप झौदी मावशी,

तुझ्या गालांना आळीपाळीनं ओठ लावून झाले, वाकून गुडघ्यालाही लावले (डाव्या, उजवा दुखतो ना तुझा), आणि आता लिहायला बसले आहे. कशी आहेस? बरी आहेस ना? देवाच्या दयेनं बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो? झोप लागते का? शेळी व्याली का, आणि करडं आईवर गेली की त्या शेजारच्या बिर्केबाईंच्या वांड बोकडावर? बिर्केबाई कशा आहेत, त्यांच्या जिभेला थोडा आराम पडला का? वरच्या खोलीतले मास्तर अजून आंघोळ करताना गातात का? डोंगरावरचं धुकं खाली अंगणात उतरतं का? तू बरी आहेस ना पण? आम्ही इथे सगळे मजेत आहोत. (हे वाक्य रीत म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली.)

हे पत्र तिलाहुनकाका घेऊन येताहेत. बाबांचे मित्र, ते मोठ्या कानांचे. भाच्याच्या लग्नासाठी कोंबोल्चाला निघालेत. ‘डेस्सी तिथून हाकेच्या अंतरावर, शनिवारी मी स्वतः मावशींच्या हातात देईन,’ असं म्हणालेत. त्यांना कॉफी पाजल्याशिवाय सोडू नकोस, आणि पहिल्याच कपावर उठायला लागले तर दाराशी आडवी हो. आता तू म्हणशील, फोन असताना पोरीला पत्राचं खूळ का? मावशी, फोन आई लावते, आईच धरते, आणि मी ‘मावशी, मी’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य आईच पूर्ण करते. मागच्या वेळी तू मला विचारलंस, शाळा आवडते का, आणि आईनं तुला सांगितलं, नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. मलाही ते तेव्हाच कळलं.

तर मुद्दा असा, की येत्या रविवारी चर्चमधून आल्यावर आई तुला फोन करणार आहे. आधी रडेल. मग म्हणेल, ताई, पोरीला या देशाचं अन्नपाणी मानवत नाही, सुकून काटकी झालीय नुसती, सुट्टी लागली की तुझ्याकडे परत पाठवते, ठेवून घे. तू हो म्हणालीस की माझं तिकीट निघालं. नाही म्हणालीस तर मी इथेच. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, थोरल्या बहिणीचा शब्द आहे, त्यात आपण काय बोलायचं. (बाबा तसे कशातच बोलत नाहीत. परवा सोफ्याला आग लागली असती तरी म्हणाले असते, तुझ्या आईला विचार.) म्हणजे माझं काय व्हायचं ते सर्वस्वी तुझ्या तोंडी आहे. तेव्हा आईकडून रडारडीसकट ऐकण्याआधी झालं काय ते माझ्याकडून सरळ ऐकून घे. अन्नपाण्याचा यात काहीएक दोष नाही. दोष असलाच तर तुझा आहे. तो कसा, ते येईलच.

इथल्या माणसांची पहिली गंमत म्हणजे ती ‘कशी आहेस’ विचारतात आणि उत्तराला थांबतच नाहीत. हे मला कुणी सांगावं ना! शाळेच्या बसचे ड्रायव्हर, मिस्टर लेरॉय म्हणून आहेत, अंगानं कपाटाएवढे. पहिल्याच सकाळी म्हणाले, ‘काय, कशी आहेस?’ मी बाबांबरोबर आदल्या दिवशी सगळं पाठ केलं होतं. बसच्या पायरीवर थांबले आणि म्हटलं, बरी आहे, देवाची दया, तुम्ही कसे आहात, घरचे कसे आहेत, आई आहेत का, त्यांची तब्येत बरी असते का, मुलंबाळं ठीक? मागे पोरांची रांग, त्यामागे गाड्यांची रांग, सगळे भोंगे वाजवायला लागले. मिस्टर लेरॉय माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, मीच विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय गं.’ झालं! तेव्हापासून रोज पायरीवर खुब्याची हकीकत असते, आणि बस रोज उशिरा पोचते. शाळेत सगळ्यांना वाटतं रस्त्यात गर्दी असते.

आता जेवणाचं. मावशी, इथे पोरं जेवत नाहीत. म्हणजे खातात, पण त्याला जेवणं म्हणवत नाही. मोठ्ठं सभागृह, लांबच लांब टेबलं, आणि प्रत्येकाचा आपापला डबा, डब्याभोवती कोपराचं कुंपण. कुणी कुणाला ‘ये जेवायला’ म्हणत नाही. आपल्याकडे रस्त्यानं जाणाऱ्या गाढववाल्यालासुद्धा हाक मारल्याशिवाय घास तोंडात घालवत नाही, आणि इथे मांडीला मांडी लावून बसलेला माणूस आपलं आपलं चावतोय. पहिल्या दिवशी मी डबा उघडून अख्ख्या टेबलाला म्हटलं, या जेवायला. एका मुलानं डब्यात डोकावून विचारलं, ‘हे पुसायचं फडकं आहे का?’ इंजेराला फडकं म्हणाला गं, तुझ्या बहिणीच्या हातच्या मऊ, जाळीदार, आंबवलेल्या पोळीला! (आईला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. ती शाळेत येईल.) मी म्हटलं, हो, यानं आम्ही ताट पुसतो आणि मग खातो. खोटं थोडंच आहे?

माझ्या शेजारी बसायची येसेनिया. तिचे आईबाप एल साल्वादोरचे, तीही आत्ता आत्ताच आलेली, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. पण तिचं जिथे मोडतं तिथे माझं धड असतं, त्यामुळे आमचं छान चालायचं. एके दिवशी पोरगी डबा बसमध्ये विसरून आली. मी जेवतेय आणि ती टेबलाकडे बघत बसलीय. आता तूच सांग, माझ्या घशाखाली उतरेल? मी इंजेराचा चांगला तुकडा तोडला, त्यात शिरोचं पिठलं, त्यावर मसूर, वर बेरबेरेचं चटकदार तिखट, आणि आत एक मिरचीही दडपली, आणि तू मला तापातून उठल्यावर द्यायचीस तेवढा घास वळला. (लहान घास द्यायची आपल्या घरात लाज वाटते, हे तुझंच ना?) येसेनिया ‘काय’ म्हणायला तोंड उघडते तोच मी तो आत सारला.

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग असा काही झाला की त्या रंगाला मला नाव माहीत नाही. डोळ्यांतून धारा. खोकते आहे, टेबलावर हात आपटते आहे. सगळं सभागृह जागच्या जागी थांबलं. आणि अशा वेळी तुझ्या भाचीनं काय करावं? तुझ्या भाचीनं दुसरा घास वळला! अगं मावशी, एकाच घासावर कसं थांबायचं? एकावर थांबलं की त्या माणसाशी भांडण होतं, हे कुणी शिकवलं मला? या अख्ख्या देशात एक ओळख झालीय, ती मी एका घासावर तोडू? ती खोकायला पुन्हा तोंड उघडते न उघडते तोच दुसराही आत. लक्ष ठेवणाऱ्या बाईंनी शिट्टी फुंकली, धावत आल्या. तेव्हा तिसरा माझ्या हातात तयार होता. बाई समोर येऊन उभ्या, वयानं मोठ्या, आणि माझ्या हातात घास. मी तो त्यांच्या तोंडाकडे नेला. तिथेच सगळं बिघडलं.

मला मुख्याध्यापकांकडे नेलं. मिस्टर हॉलंड. वाईट माणूस नाही हां, मऊ बोलतात, मागे भिंतीवर त्यांनी स्वतः पकडलेल्या माशाचा फोटो आहे आणि फोटोत मासा जास्त खूश दिसतो. ते समजावून सांगायला लागले. इथे आपलं अन्न दुसऱ्याला द्यायचं नाही, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध चालत नाही, एखाद्याचा जीव जाईल, समजलं? मी मान खाली घातली आणि म्हटलं, हो. आता मावशी, आपण ‘हो’ कसं म्हणतो? तोंडानं श्वास आत ओढतो, हूक्‌ करून, झालं. तू तर एका वेळी तीन ओढतेस. ही आपली काही वेगळी तऱ्हा आहे हे मला त्या खोलीत जाईपर्यंत माहीतच नव्हतं. ते म्हणाले, ‘घाबरू नकोस.’ मी म्हटलं, हूक्‌. ते म्हणाले, ‘मी रागावलेलो नाही.’ हूक्‌. ते खुर्चीतून पुढे आले. ‘तुला श्वास घ्यायला त्रास होतोय का?’ यातलं मला काही कळलं नाही, शेवटी प्रश्न होता तेवढं कळलं. मोठ्या माणसानं प्रश्न विचारला तर काय म्हणायचं? मी मोठ्यांदा हो म्हटलं. त्यांनी फोन उचलला.

मग मला चाकांच्या खुर्चीत बसवून सगळ्या व्हरांड्यातून नर्सबाईंच्या खोलीत नेलं. पोरं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून वाट देत होती. (खरं सांगू? मला आवडलं.) खोलीत येसेनिया आधीच खाटेवर बसून दूध पीत होती. खोकला केव्हाच थांबला होता. मला बघून हसली आणि हळूच विचारलं, ‘त्यात काय होतं गं? अजून आहे?’ मिसेस पिकेट, म्हणजे नर्सबाई, त्यांनी माझ्या पाठीला थंडगार नळी लावली आणि दर वाक्याला विचारलं, बरं वाटतंय का, आणि मी दर वाक्याला जिवाच्या आकांतानं हो म्हटलं. आईला बोलावणं गेलं.

आई विमानतळावर सँडविच बांधते ना, ती तशीच टोपी आणि हातमोज्यांसकट आली. आधी तिला कुणी ‘मिसेस अद्मासू’ म्हटलं, त्यावर तिचं डोकं फिरलं. (‘अद्मासू माझा नवरा आहे, बाप नाही! आमच्यात बाईच्या नावापुढे बापाचंच नाव लागतं, तो काय मेल्यावर पुसून टाकायचा?’) पण नर्सबाई बोलायला लागल्यावर ती गरीब झाली, डॉक्टरांसमोर होते तशी. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या मुलीला श्वासाचा त्रास दिसतोय. आई म्हणाली, हूक्‌. नर्सबाई थबकल्या. म्हणाल्या, हे घरात कुणाला आहे का? आई, हूक्‌. आजीला? हूक्‌. मिसेस पिकेटनी दुसरी चाकांची खुर्ची मागवली. तेवढ्यात बाबा आले, दारातच त्यांना कुणीतरी विचारलं, तुम्ही वडील का, आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा घाईनं उत्तर दिलं. हूक्‌! येसेनिया उशीत तोंड खुपसून हसत होती. नर्सबाईंनी खिडक्या उघडल्या.

शेवटी मिस्टर हॉलंडना सुचलं की दुभाषी बोलवावा. इथे दुभाषी फोनमध्ये असतो, कुठल्या गावी बसलेला असतो देव जाणे. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. नर्सबाई एकेक वाक्य सावकाश सांगायला लागल्या. ‘घरातल्या सगळ्यांना श्वासाचा गंभीर विकार आहे.’ फोनमधून आलं, हूक्‌. खोलीत सगळे फोनकडे बघायला लागले. ‘मुलीला आत्ताच दवाखान्यात न्यावं लागेल.’ हूक्‌. नर्सबाईंचा चेहरा पांढरा पडला, त्या फोनवर वाकून म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही ठीक आहात ना? तुमच्याजवळ कुणी आहे का?’ पलीकडे तो माणूस असा हसायला लागला, असा हसायला लागला, की आता मात्र त्यालाच खरोखर श्वास घेता येईना. म्हणाला, ‘बाई, हे आमचं हो म्हणणं आहे हो! हा आजार असेल तर अख्ख्या देशाला दवाखान्यात न्या.’ आणि लगेच आईकडे वळून, म्हणजे आवाजानं वळून, विचारतो कसा, ‘तुम्ही कुठल्या? डेस्सी? डेस्सीत कुठे?’ तो तिथून जवळच्याच हाईक गावचा निघाला. त्याची चुलती तुझ्याच बाजारात मिरच्या विकते म्हणे. पुढे त्यांचं बोलणं इतकं रंगलं की मिस्टर हॉलंडनी मधे हळूच विचारलं, माझंही काही सांगायचं राहिलंय, सांगू का?

त्यांचं राहिलेलं होतं ते हे. दमा नाही हे उत्तम, पण घास भरवणं बंद. आणि मला नियम नीट कळेपर्यंत मी नर्सबाईंच्या खोलीबाहेरच्या छोट्या टेबलावर एकटीनं जेवायचं. शिक्षा नाही म्हणाले, सवय लागावी म्हणून. मावशी, छड्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. एकटीनं जेवायचं! आपल्याकडे कुत्र्यालाही शेजारी दुसरं कुत्रं लागतं. मी डबा उघडायची, बघायची, आणि मिटायची. त्या टेबलावर बसून मला तुझी इतकी आठवण यायची की नाकातून पाणी यायचं, आणि मिसेस पिकेट काचेतून बघून पुन्हा नळी घेऊन यायच्या. भरलेला डबा घरी गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. आईनं तो सगळ्या शेजारणींना उघडून दाखवला. पोरगी जेवत नाही, पोरगी झुरतेय. त्याच आठवड्यात तिनं ठरवलं की तुला फोन करायचा.

आता जे आईला माहीत नाही ते ऐक. या सोमवारी मी त्या टेबलावर बसलेय, तर समोर येसेनियाला आणून बसवलं! काय केलं असेल तिनं? जेवणाच्या सुट्टीत भर सभागृहात तिनं त्याच शिट्टीवाल्या बाईंच्या तोंडात पुपुसा कोंबला. (पुपुसा म्हणजे पोटात चीज भरलेली जाड भाकरी.) तोही एक नाही, दोन! दोन का, म्हणून मिस्टर हॉलंडनी विचारलं, तर म्हणाली, एकावर थांबलं की भांडण होतं, सोस्नानं सांगितलंय. आता तिलाही नियम कळेपर्यंत माझ्याबरोबर बसायची शिक्षा आहे. आम्हा दोघींना तो नियम काही केल्या कळत नाही. आम्ही आपापल्या डब्यातलंच खातो, देवाशपथ, फक्त डबे जरा चुकतात. काल मिसेस पिकेटही आपलं सॅलड घेऊन आमच्यातच येऊन बसल्या. आणि त्या दर दोन वाक्यांनी, मावशी, श्वास आत ओढतात! त्यांना लागण झाली.

म्हणजे आता डबा रिकामा जातो. मी आनंदानं आईपुढे ठेवला. आईनं झाकण उघडून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदराला डोळे लावले. म्हणाली, ‘आता फेकून द्यायला लागलीस का गं?’ आता बोल! भरलेला आला तर पोरगी जेवत नाही, रिकामा आला तर पोरगी फेकते. अर्धा नेऊन बघितला, तर म्हणाली, अर्धा फेकला. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, फक्त तुझं चालतं.

तर हे असं आहे. तुम्ही दोघी थोरल्या, मी पोर. तुम्ही जे ठरवाल ते माझ्या भल्याचंच असेल, मी एका शब्दानं उलटून बोलणार नाही. परत ये म्हणालीस तर तुझ्या हाताखाली पुन्हा शेण काढीन, शेळी राखीन, मास्तरांचं गाणं ऐकीन. गुडघ्याला ऊब दे. बिर्केबाईंना नमस्कार, करडांना पापे.

तुझी आज्ञाधारक,
सोस्ना

ता.क. बिर्केबाई पत्र वाचून दाखवत असतील तर इथे थांबव आणि पुढचं मास्तरांकडून वाचून घे. मावशी, रविवारी आईला नाही म्हण. तुझ्या पाया पडते. जागा नाही म्हण, मास्तरांचं लग्न ठरलंय म्हण, गुडघ्याचं ऑपरेशन सांग, मिस्टर लेरॉयच्या आईची सगळी माहिती मी देते. मला इथे राहायचंय. मला शाळा आवडते. मागच्या वेळी तू विचारलंस ना, त्याचं हे उत्तर.

ता.क. दुसरा. आईचा राग धरू नकोस. ती मला हाकलत नाहीये, ती घाबरलीय. माझ्याआधी ती इथे आली तेव्हा तिलाही एकटीनंच जेवावं लागलं होतं, आणि तिला कुणी येसेनिया भेटली नाही.

ता.क. शेवटचा. नाही म्हणायचंय हे खरं, पण झटकन म्हणू नकोस. आधी थोडी गप्प बस. मग रड जराशी. ‘माझी पोर, माझी पोर’ असं दोनचारदा म्हण, आणि मग नाही म्हण. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला असेल आणि मी शेजारीच बसलेली असेन. तू पटकन नाही म्हणालीस तर मला वाटेल, तुला मी खरंच नकोय.